भोरडीच्या चोचीत काय होतं? बंदुकीपासून मोबाईलपर्यंतची गोष्ट



गेल्या रब्बीत हरभऱ्यातल्या भोरडीचा एक फोटो टाकला होता, चोचीत अळी धरलेला. तेव्हापासून बरेच जण विचारायलेत, "काका, कॅमेरा कोणता घेतला? किती हजाराचा?" खरं सांगायचं तर कॅमेरा घेतलाच नाही. खिशातला मोबाईल आहे, तोच एका डोळ्याच्या दुर्बिणीला लावला. पण "मोबाईल लावला" एवढ्यावर भागत नाही. तो नीट लावायला मला दोन आठवडे लागले. का लागले याचा शोध घेताना मागचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागला, आणि तो वाचल्यावर कॅमेरा कसा निवडायचा, अडॅप्टर कसा निवडायचा हे आपोआप कळलं. म्हणून आज तो इतिहासच लिहितो. लांब आहे. स्प्रिंकलर चालू करून बांधावर बसलात तर वाचून होईल.

आधी भांडण सांगतो, कारण त्याशिवाय फोटोची गरज कळणार नाही.

आमच्या शिवाराला लागून अप्पांचं रान आहे. अप्पा माझ्यापेक्षा वयानं मोठे. पौष महिन्यात हरभरा घाट्यात होता आणि दोघांच्याही रानात भोरड्यांचा थवा उतरायला लागला. भोरडी म्हणजे ती गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची साळुंकीसारखी पाखरं. ज्वारीच्या दिवसात ज्यांना आपण गोफण मारतो तीच. अप्पा म्हणाले, "सगळे घाटे खायलेत. उद्या विषाचे दाणे टाकतो. एकदा मेली की परत येत नाहीत."

मी म्हणलं, "अप्पा, त्या अळ्या खायला येत असतील. थांबा जरा."

"लेका, तू चोचीत जाऊन बघितलास का?"

इथंच मी गप्प बसलो. कारण खरंच बघितलं नव्हतं. बांधावरून थवा शंभर-सव्वाशे पावलांवर. जवळ गेलं की सगळा थवा भर्रकन उठतो. पुतण्यानं पुण्याहून जुनी एका डोळ्याची दुर्बीण आणली होती, तिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. समोरची काच ६० मिलिमीटर आणि पाखरू २० ते ६० पट जवळ दिसतं. साकोळच्या तलावावर पाणपक्षी बघायला मी ती वापरत होतो. तिच्यातून मला अळी दिसली. अप्पांना म्हणलं, या, बघा. ते डोळा लावेपर्यंत पाखरू उडालेलं. मी बघितलं ते अप्पांनी का मानावं? पुरावा पाहिजे होता.

आता गंमत बघा. पाखरानं काय खाल्लं, हा प्रश्न आपल्या देशात सरकारनं शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. बिहारमधल्या पुसा इथं इंग्रजांनी शेतीची मोठी संशोधन संस्था काढली होती. तिथं सी. डब्ल्यू. मेसन यांनी पाखरांच्या खाण्याचा अभ्यास केला आणि कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल लेफ्रॉय यांच्यासोबत १९१२ साली त्यावर पुस्तक निघालं. विषय होता भारतातल्या पक्ष्यांचं खाणं. कुठलं पाखरू शेतकऱ्याच्या कामाचं, कुठलं नुकसानीचं, हे त्यांना ठरवायचं होतं. म्हणजे अप्पांचा आणि माझा वादच होता तो.

त्यांनी ठरवलं कसं? पाखरू बंदुकीनं मारायचं, पोट फाडायचं आणि आत किती दाणे, किती किडे हे मोजायचं. त्या काळात दुसरा मार्गच नव्हता. आणि एक गोष्ट कबूल करावी लागते की पुरावा पक्का होता. पोटात अळी सापडली म्हणजे पाखरानं अळी खाल्ली, त्यात वादच नाही. फक्त ते पाखरू दुसऱ्या दिवशी अळी खायला येत नव्हतं.

बाकी पक्षीशास्त्रही तेव्हा बंदुकीवरच चालायचं. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्याकडं जमलेल्या पक्ष्यांच्या कातड्या, पेंढा भरलेले नमुने, हाच सगळा आधार. सालिम अली स्वतः पक्ष्यांकडं वळले ते लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळं. ही कोणती चिमणी म्हणून विचारायला ते सोसायटीत गेले आणि पुढं जन्मभर तिथलेच झाले.

आपल्या भागाचा यात थेट संबंध आहे, तो फार जणांना माहीत नाही. १९३१-३२ साली सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा आपला सगळा मराठवाडा निजामाच्या राज्यात. आपला निलंगा-उदगीरचा पट्टा तर बीदर जिल्ह्यात मोडायचा, १९५६ पर्यंत. म्हणजे आपल्या आज्या-पणज्याच्या काळात, याच राज्यात, पक्ष्यांची पहिली मोठी शास्त्रीय नोंद झाली आणि सोसायटीच्या नियतकालिकात पुढच्या दोन-तीन वर्षांत ती छापून आली. ती पाहणीसुद्धा बंदूक आणि कातड्यांचीच होती. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. लांबचं पाखरू जवळ आणून चारचौघांना दाखवायचं साधन त्यांच्याकडं तेवढंच होतं.

मग कॅमेरा आला. पण तो सुरुवातीला पाखराच्या अगदी जवळ न्यावा लागायचा. लोक वान थो नावाचे मलायातले एक मोठे व्यापारी दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर सोडून निघाले. वाटेत त्यांच्या जहाजावर बॉम्ब पडले, तरी ते वाचले आणि भारतात आले. इथं त्यांची सालिम अलींशी गाठ पडली. दोघं मिळून पक्ष्यांचे फोटो काढायला फिरले. पद्धत अशी, की घरट्यासमोर कापडाची किंवा पाल्याची खोप करायची आणि तासन् तास आत बसून राहायचं. पाखरू घरट्यावर आलं की चाप दाबायचा. सुंदर फोटो निघायचे. पण हे घरट्यावरच जमणार. रानात उतरलेल्या भोरडीच्या थव्यासमोर खोप करून बसलात तर थवा दुसऱ्याच्या रानात जाऊन उतरेल.

लांबून फोटो काढायला लांब भिंगं आली. साधा हिशोब सांगतो. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरचं भिंग डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवायचं. ५०० मिलिमीटरचं भिंग दहा पट जवळ आणायचं. त्याची किंमत शेतकऱ्यानं विचारायची नाही. शिवाय फिल्म. छत्तीस फोटोंचा रोळ संपवायचा, शहरात धुवायला द्यायचा, आणि मग कळायचं की पाखरू हललेलं आहे.

फोटोच्या पुराव्याचं मोल काय असतं, याची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात घडली. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड. १८७२ मध्ये मारलेल्या एका नमुन्यावरून शास्त्राला ते कळलं. पुढं १८८४ साली खानदेशात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर पत्ताच नाही. मधे १९१४ सालचा एक नमुना होता, गुजरातमधला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नावाजलेल्या लष्करी अधिकाऱ्याचा. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा उघड झालं, की त्यानं संग्रहालयातलाच जुना नमुना चोरला, पुन्हा शिवला आणि खोटी चिठ्ठी लावली. म्हणजे पाखरू खरं आणि चिठ्ठी खोटी. ती खोटी जागा सोडून रासमुसेन आणि त्यांचे सोबती खऱ्या नमुन्यांच्या गावांकडं गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. या वेळी गोळी झाडली नाही. व्हिडिओ काढला, फोटो काढले आणि जगानं मानलं.

मला वाटतं बंदुकीचं काम कॅमेऱ्यानं घेतलं ते असं. पण तेव्हाही ते काम परदेशातून आलेल्या अभ्यासकांच्या सामानानं झालं. शेतकऱ्याच्या हातात ते यायला अजून दोन वर्षं होती.

१९९९ साल. मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो. त्यांच्याकडं लायका कंपनीची एका डोळ्याची दुर्बीण होती आणि नवा डिजिटल कॅमेरा होता, निकॉन कूलपिक्स ९५०. त्यांनी दुर्बिणीच्या डोळा लावायच्या काचेला, म्हणजे आयपीसला, कॅमेऱ्याचं भिंग टेकवलं आणि फोटो काढला. निघाला! आधीही लोकांनी दुर्बिणीला फिल्मचे मोठे कॅमेरे जोडून बघितले होते. फोटो अंधारे यायचे, हललेले यायचे आणि धुऊन येईपर्यंत काही कळायचं नाही. पो यांना मात्र पडद्यावर लगेच दिसत होतं. त्यांनी ही पद्धत लोकांना सांगितली. फ्रान्सचे अलँ फोसे यांनी तिला डिजिस्कोपिंग असं नाव दिलं. डिजिटल आणि टेलिस्कोप या दोन शब्दांचा जोड.

आता नीट लक्ष द्या. निवडीचं सगळं गुपित या एका कॅमेऱ्यात आहे. कूलपिक्स ९५० हा काही फार भारी कॅमेरा नव्हता. फक्त दोन मेगापिक्सेलचा. आजच्या स्वस्त मोबाईलपेक्षाही कमी. मग तोच का चालला?

एक, त्याचं भिंग अगदी छोटं होतं. दोन, झूम केलं तरी भिंग बाहेर येत नव्हतं, सगळी हालचाल आतल्या आत. म्हणून ते आयपीसच्या अगदी जवळ टेकवता यायचं. तीन, भिंगाच्या तोंडाला २८ मिलिमीटरचे आटे होते, त्यावर कडी फिरवून बसवता यायची. चार, अंग मधोमध फिरायचं, त्यामुळं पडदा वर वळवून बघता यायचा. कंपनीनं यातली एकही गोष्ट दुर्बिणीसाठी केली नव्हती. योगायोगानं जमून आलं.

छोटं भिंगच का लागतं, हे घरी करून बघा. दुर्बीण उजेडाकडं धरा, सूर्याकडं नाही, आणि आयपीसपासून हातभर लांबून बघा. काचेत एक छोटा उजळ ठिपका दिसेल. दुर्बिणीत आलेला सगळा उजेड त्या ठिपक्यातून बाहेर पडतो. ठिपका केवढा? समोरची काच भागिले पट. माझ्या दुर्बिणीचं ६० भागिले २०, म्हणजे ३ मिलिमीटर. ६० पटीला केला तर १ मिलिमीटर. आपली बाहुली त्या ठिपक्यावर बसली की पूर्ण गोल चित्र दिसतं, जरा सरकली की काळं येतं. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. त्याची बाहुली त्या ठिपक्यावर बसली पाहिजे. मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यात ती बाहुली भिंगाच्या नळीत खोल असते, ठिपक्यापर्यंत पोचतच नाही. मग मधे छोटं गोल चित्र आणि भोवती काळोख. विहिरीच्या तळातून आभाळ बघितल्यासारखं.

म्हणून पुढं काय झालं बघा. निकॉननं त्याच घडणीचे ९९०, ९९५ आणि २००२ मध्ये ४५०० हे कॅमेरे काढले. दुर्बिणीवाल्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मग कंपनीनं ती घडणच बंद केली. बाजारात दहा पट, वीस पट झूमचे कॅमेरे आले. लोकांनी हौसेनं घेतले आणि दुर्बिणीला लावल्यावर काळी कडी बघत बसले. जाणकार मात्र तीन-चार पट झूमचे छोटे, खिशात मावणारे कॅमेरेच शोधायचे. नवं आणि महाग ते चांगलं, हा नियम इथं चालला नाही. आपल्याकडं बियाण्यात होतं तसंच. पिशवीवरचा आकडा बघून घेतलं आणि आपल्या रानाला सोसलं नाही.

अडॅप्टरचा इतिहास तर आपल्याला जवळचा आहे, कारण तो जुगाडाचा आहे. सुरुवातीला तयार अडॅप्टर मिळतच नव्हते. लोकांनी फिल्मच्या डब्या कापल्या, बाटल्यांची झाकणं भोक पाडून लावली, पाइपाचे तुकडे घासून बसवले. नंतर दुर्बिणीच्या कंपन्यांनी आपापले अडॅप्टर काढले, काही तर बिजागरीचे. डोळ्यानं बघायचं असलं की कॅमेरा बाजूला वळवायचा, फोटो काढायचा असला की परत झाकणासारखा लावायचा. अडॅप्टरचं काम तीनच गोष्टींचं. भिंग मधोमध ठेवणं, ठरलेल्या अंतरावर ठेवणं, आणि हलू न देणं. बाकी सगळी सजावट.

मग मोबाईल आले. आणि बघा योगायोग, मोबाईलच्या कॅमेऱ्यात कूलपिक्सचेच गुण होते. छोटं भिंग, बाहेर न येणारं, आयपीसला टेकवता येणारं. जी घडण कंपनीनं सोडली ती खिशात परत आली. म्हणून मोठा कॅमेरा विकत घ्यायचा विचार मी सोडला.

आता माझ्या चुका सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिला अडॅप्टर मी मागवला तो चिमट्याचा. कुठलाही मोबाईल, कुठलीही दुर्बीण, असं लिहिलेलं. घरात बसवला तर झकास. रानात गेलो, वारं सुटलं आणि मोबाईलच्या वजनानं चिमटा खाली सरकत गेला. चित्राच्या एका बाजूला काळी कोर, चतुर्थीच्या चंद्रासारखी. एका बाजूला काळं आलं म्हणजे भिंग मधोमध नाही. सगळीकडून सारखं काळं आलं म्हणजे अंतर चुकलं. भिंग फार लांब तरी आहे नाहीतर फार जवळ. एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

दुसरी चूक मोबाईलची. माझ्या मोबाईलला मागं तीन कॅमेरे आहेत. मी मधला धरून अडॅप्टर लावला आणि मोबाईल आपल्या मनानं दुसरा कॅमेरा चालू करायचा. कुठला मुख्य आहे हे ओळखायला एक युक्ती. कॅमेरा चालू करून एकेका भिंगावर बोट ठेवा. ज्यावर ठेवल्यावर साध्या १ पटीच्या चित्रात अंधार होतो, तो मुख्य. तोच आयपीससमोर आला पाहिजे.

तिसरी चूक हावेची. दुर्बीण ६० पटीला फिरवली. पाखरू मोठं दिसलं, पण अंधारं आणि थरथरतं. ठिपक्याचा हिशोब आठवा. ३ मिलिमीटरचा १ मिलिमीटर झाला की उजेड नऊ पट कमी. मोबाईलचा मुख्य कॅमेरा साधारण २६ मिलिमीटरच्या भिंगाएवढा असतो. गुणिले २० केलं तरी ५२० मिलिमीटर होतं. म्हणजे लाखमोलाच्या लांब भिंगाएवढी पोच २० पटीलाच मिळते. मी आता २० ते ३० च्या वर जात नाही.

शेवटी काम झालं ते पाइपानं. मोबाईलचं जुनं कव्हर घेतलं आणि मुख्य भिंगासमोर भोक पाडलं. आयपीसवर घट्ट बसेल असा पीव्हीसी पाइपाचा तुकडा गरम करून थोडा फुगवला, आतून काळा रंग दिला, काठ घासत घासत अंतर जुळवलं आणि कव्हरला चिकटवला. पांढऱ्या भिंतीकडं धरून चारी बाजू सारख्या उजळ दिसेपर्यंत घासत राहिलो. विकतचा घ्यायचा असेल तर तुमच्याच मोबाईलच्या मापाचं कव्हर आणि तुमच्याच आयपीसच्या मापाची कडी असलेला घ्या. सगळ्यांना बसतो तो कुणालाच नीट बसत नाही.

आणखी दोन गोष्टी. तिकाटणं जड पाहिजे. माझं हलकं आहे, म्हणून मधल्या हुकाला मातीची पिशवी बांधतो. चाप बोटानं दाबला की चित्र हलतं, त्यामुळं दोन सेकंदांचा टायमर लावा किंवा इअरफोनच्या आवाजाच्या बटणानं दाबा. आणि सकाळी नऊ-साडेनऊच्या आत काम उरका. नंतर आपली काळी जमीन तापते, हवा लहरते, आणि कितीही भारी सामान असलं तरी पाखरू पाण्याखाली असल्यासारखं दिसतं.

आता परत अप्पांकडं.

त्यांना मी चार दिवस मागून घेतले. दोन सकाळी बांधावर बसलो. पुष्कळ फोटो वाया गेले. चोच स्पष्ट दिसते असे अकरा निघाले. आठांत अळी, हिरवी, सरळ ओळखू येणारी. दोनांत काहीतरी आहे, पण काय ते सांगता येत नाही. आणि एका फोटोत चोचीत घाटा.

तो अकरावा फोटो लपवायचा मोह झाला, हे कबूल करतो. पण मला तो चिठ्ठी बदलणारा साहेब आठवला. अकराही फोटो अप्पांच्या ओट्यावर बसून दाखवले. अप्पांनी घाट्याचाच धरला. "हे बघ, म्हणलं नव्हतं?"

मी म्हणलं, "खरंय अप्पा. पण तो घाटा दाण्यासाठी फोडला का आतल्या अळीसाठी, हे फोटोत दिसत नाही."

हे खरंच दिसत नाही. पुसाच्या मेसन साहेबांनी पोट फाडून सांगितलं असतं. कॅमेरा चोचीपर्यंत जातो, पोटापर्यंत नाही. बंदुकीकडं जे होतं त्यातलं थोडं आपण सोडलं आहे, हे मान्य करावं लागतं. बदल्यात पाखरू उद्या परत येतं आणि उद्या परत बघता येतं.

मग हिशोब मांडला. एक घाटेअळी तिच्या आयुष्यात तीस-चाळीस घाटे खराब करते, हे आपल्याला कृषीवाले नेहमी सांगतात. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या की फवारा म्हणतात. आठ अळ्या गेल्या, एक घाटा गेला. दोन सकाळच्या अकरा फोटोंवर शास्त्र उभं राहत नाही, हे मलाही कळतं. तरी विषाचे दाणे टाकण्याआधी थांबावं, एवढं वजन त्यात होतं. शिवाय विष फक्त भोरडीला थोडंच ओळखतं. चिमण्या, साळुंक्या, होले, दारातल्या कोंबड्या सगळेच दाणे टिपतात. वर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हाही आहे.

अप्पा काही "तुझं पटलं" म्हणाले नाहीत. म्हणाले, "बघू." विष टाकलं नाही. आठवड्यानं थवा आपोआप पुढं गेला. या वर्षी त्यांच्या हरभऱ्यात काठ्यांचे पक्षी थांबे दिसले, तेव्हा मी काही बोललो नाही.

भोरडी साधू आहे असं मी म्हणत नाही. ज्वारी दाण्यात आली की मी अजूनही गोफण घेऊन उभा राहतो. हीच भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियात पिल्लं घालते आणि चीनच्या शिनजियांग भागात टोळ खाव्यात म्हणून लोक तिच्यासाठी घरट्यांच्या जागा करून देतात. पाखरू तेच. कुठल्या पिकात, कुठल्या महिन्यात, चोचीत काय, त्यावर ते दोस्त का दुश्मन ठरतं. आणि ते ऐकून ठरवू नये, बघून ठरवावं.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्याकडं हरभऱ्यात, तुरीत, ज्वारीत पाखरं उतरली तर असे फोटो काढा आणि मला पाठवा. दुर्बीण नसेल तर गावातल्या शाळेत, कृषी महाविद्यालयात, पक्षीमित्रांकडं विचारा, दोन सकाळी मागून घ्या. फोटोसोबत तारीख, वेळ, गाव, पीक आणि पिकाची अवस्था लिहा. चोचीत घाटा असलेले फोटोही पाठवा, ते आधी पाठवा. पुढच्या रब्बीला सगळे एकत्र मांडू, मग कुणाचं खरं ते अप्पांना आणि मला दोघांनाही कळेल.